जुनी स्विफ्ट किंवा डिझायर घेताना बॉनेटखाली नेमकं कोणतं इंजिन आहे, ते कसं ओळखायचं

जुन्या गाड्यांच्या बाजारात 'स्विफ्ट' या एकाच नावाखाली निदान चार वेगळी इंजिनं विकली जातात. एजंट सांगतो, "पेट्रोल आहे, व्हीएक्सआय, एक नंबर इंजिन." पण ते १.३ लिटरचं जुनं पेट्रोल आहे की १.२ लिटरचं के-सीरिज, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. एकात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी टायमिंग बेल्ट आहे, दुसऱ्यात त्याच कामासाठी चेन. डिझेलचं तिसरंच प्रकरण. तेच डिझेल इंजिन थोड्याफार फरकाने फियाट आणि टाटाच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेलं भलतंच इंजिन बसवलेल्या गाड्याही फिरतात.

म्हणून मागच्या दारावर काय लिहिलंय ते शेवटी वाचा. आधी तीन गोष्टी बघा: आरसीवरची सीसी, इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं आणि ब्लॉकच्या धातूवर प्रत्यक्ष कोरलेला नंबर. तिन्ही जुळल्या तरच पुढचं बोलणं.

कोणत्या सालात कोणतं इंजिन

स्विफ्ट भारतात मे २००५ मध्ये आली. तेव्हा तिच्यात फक्त १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, कोड जी१३बीबी. ताकद ८७ पीएस, टॉर्क ११३ एनएम. २००७ च्या सुरुवातीला १२४८ सीसीचं डीडीआयएस (मारुतीच्या डिझेलचं नाव) डिझेल आलं, कोड डी१३ए, ७५ पीएस आणि १९० एनएम. मार्च २००८ मध्ये डिझायर आली ती हीच दोन इंजिनं घेऊन.

२०१० मध्ये पेट्रोल बदललं. १.३ गेलं आणि ११९७ सीसीचं के१२एम आलं, ८५ पीएसचं. कारणं दोन. १ एप्रिल २०१० पासून देशातल्या १३ शहरांत प्रदूषणाचे बीएस-४ नियम लागू झाले, त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूरही होतं. दुसरं कारण कराचं: २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अबकारी कर कमी होता. १२९८ सीसीची स्विफ्ट लांबीने लहान असूनही या सवलतीत बसत नव्हती. डिझेलला मर्यादा १५०० सीसीची होती, त्यामुळे डिझेल स्विफ्ट आधीपासूनच सवलतीत होती.

ऑगस्ट २०११ मध्ये दुसऱ्या पिढीची स्विफ्ट आली. इंजिन के१२एमच, पण आता व्हीव्हीटीसह, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा आली. ताकद ८७ पीएस, टॉर्क ११४ एनएम. फेब्रुवारी २०१२ ची डिझायर डिकी छाटून ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवली होती. पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१४ च्या शेवटी स्विफ्टमध्ये आणि २०१५ च्या सुरुवातीला डिझायरमध्ये इंजिनांची जुळणी पुन्हा बदलली. पेट्रोल ८४ पीएसच्या आसपास आलं, पण मायलेज वाढलं. स्विफ्ट पेट्रोलचा कंपनीचा आकडा १८.६ वरून २०.४ झाला, डिझेलचा २२.९ वरून २५.२.

मे २०१७ मध्ये नवी डिझायर आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवी स्विफ्ट आली. इंजिनांची कुटुंबं तीच, पेट्रोल ८३ पीएस. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि डिझेल कायमचं बंद झालं. त्याच वर्षी डिझायरला के१२एन हे ९० पीएसचं ड्युअलजेट (प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर) पेट्रोल मिळालं, स्विफ्टला २०२१ मध्ये. मे २०२४ पासूनच्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं झेड१२ई आहे, पण ते अजून 'जुनी गाडी' या सदरात येत नाही.

या यादीतली सगळ्यात निसरडी जागा म्हणजे २०१०. त्या सालच्या पेट्रोल गाड्यांमध्ये दोन्ही इंजिनं सापडतात, आणि २००९ मध्ये तयार होऊन २०१० मध्ये नोंदलेली गाडी सर्रास '२०१० मॉडेल, के-सीरिज' म्हणून खपवली जाते. नोंदणीचं वर्ष बघू नका. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं दिलेलं असतं, ते बघा. खात्री करायची असेल तर सीटबेल्ट पूर्ण ओढून खाली शिवलेली चिठ्ठी वाचा. तिच्यावर बेल्टच्या उत्पादनाची तारीख असते आणि ती गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची निघायला हवी. चारही बेल्ट सारख्या काळातले असतील तर उत्तम. एखादाच वेगळ्या सालचा असेल तर त्या बाजूला अपघात झाला होता का, हे तपासा.

गाडी बघायला जाण्याआधी

आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर प्रवासाचा खर्च वाचवा. आरसीवर पुढच्या गोष्टी शोधा.

सीसी: १२९८ असेल तर जुनं पेट्रोल, ११९७ म्हणजे के-सीरिज, १२४८ म्हणजे डिझेल. एवढ्या एका आकड्याने निम्मं काम होतं, आणि हा आकडा स्टिकरसारखा बदलता येत नाही.

इंजिन नंबर: मारुती आपल्या इंजिन नंबरच्या सुरुवातीलाच इंजिनचा कोड लिहिते. इंग्रजी अक्षरांत जी१३बीबी, के१२एम, डी१३ए किंवा के१२एन असं दिसेल. इथे एक गफलत वारंवार होते. के१२एमच्या नंबरात कोडनंतर पुढे 'एन' हे अक्षर येतं, म्हणजे वाचायला 'के१२एमएन' आणि मग आकडे. घाईत वाचणारा मधला 'एम' गाळतो आणि गाडीत नवं ड्युअलजेट आहे असं समजतो. १२ नंतर लगेच 'एम' आहे की 'एन', तेवढंच बघा.

मॉडेलचं नाव: इथे व्हीएक्सआय, व्हीडीआय वगैरे लिहिलेलं असतं. एल, व्ही, झेड ही अक्षरं सजावट आणि सोयींची श्रेणी सांगतात; शेवटी नुसता 'आय' असेल तर पेट्रोल, 'डीआय' असेल तर डिझेल. एकाच सालच्या एलएक्सआय आणि झेडएक्सआयमध्ये इंजिन तेच असतं. झेडएक्सआयचे जास्तीचे पैसे इंजिनासाठी देऊ नका, एअरबॅग, एबीएस आणि अलॉय व्हीलसाठी द्या, आणि ती खरोखर गाडीत आहेत का ते बघून द्या.

इंधन: 'पेट्रोल', 'डिझेल' की 'पेट्रोल/सीएनजी'. कंपनीतून सीएनजी बसवलेली डिझायर मार्च २०२२ पासून आणि स्विफ्ट ऑगस्ट २०२२ पासून मिळू लागली. त्याआधी टॅक्सीसाठीच्या टूर गाड्यांत कंपनीचा सीएनजी होता. म्हणजे २०१५ च्या खासगी स्विफ्टमध्ये टाकी दिसली तर ते किट नंतर बसवलेलं आहे, मग विकणारा काहीही म्हणो. ते आरसीवर चढलेलं असायलाच हवं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीच्या पट्टीवर तारीख कोरलेली असते आणि सोबत प्रमाणपत्र असतं. नसेल तर किंमत ठरवताना टाकी शून्य धरा.

मग गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर टाका. इंजिन आणि चेसिस नंबरचे काही आकडे तिथे झाकलेले असतात, पण इंधन, उत्सर्जन श्रेणी, नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा आणि विमा हे सगळं दिसतं. आरसीच्या फोटोत आणि इथे काहीही वेगळं दिसलं तर आधी त्याचं कारण विचारा.

बॉनेट उघडल्यावर

इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर गाडी मुद्दाम तापवून ठेवलेली असू शकते, कारण चेनचा आवाज, डिझेलचं उशिरा सुरू होणं आणि निळा धूर या तिन्ही गोष्टी थंड इंजिनातच उघड्या पडतात.

इंजिन नंबर ब्लॉकच्या धातूवर कोरलेला असतो. जागा प्रत्येक इंजिनात वेगळी, ओनर्स मॅन्युअलमध्ये तिचं चित्र असतं. सोबत टॉर्च, जुनं फडकं आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल न्या. माती पुसा, पण तारेचा ब्रश घासू नका. हात पोचत नसेल तर मोबाईलचा फ्लॅश लावून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. चेसिस नंबरचंही तसंच. तो मारुतीच्या बहुतेक गाड्यांत इंग्रजी एम-ए-३ ने सुरू होतो. पत्र्यावर कोरलेला नंबर आणि रिबिट केलेल्या प्लेटवरचा नंबर, दोन्ही वाचा.

कोरलेल्या अक्षरांची खोली सारखी असावी, ओळ सरळ असावी. आजूबाजूचा धातू ग्राइंडरने घासल्यासारखा चकचकीत, एखादाच आकडा जाड किंवा तिरका, नंबरवर ताजा काळा रंग: यातलं काहीही दिसलं तर सौदा तिथेच थांबवा. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी आरटीओत अडकते, आणि चोरीची निघाली तर पैसे बुडून वर पोलीस ठाण्याचे हेलपाटे.

नंबर वाचता येत नसेल, तर बाकीच्या खुणा पुढीलप्रमाणे.

जी१३बीबीमध्ये एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आहे, व्हॉल्व्ह सोळा. पट्टे असतात त्या बाजूला, टायमिंग बेल्टवर, काळ्या प्लास्टिकचं झाकण असतं. नखाने टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. बेल्ट कोरडाच चालतो म्हणून प्लास्टिक चालतं.

के१२एममध्ये दोन कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन. चेनला तेल लागतं, म्हणून त्या बाजूचं झाकण ॲल्युमिनियमचं, ब्लॉकला सीलंट लावून घट्ट बसवलेलं. ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच. चारही प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. व्हीव्हीटी आहे की नाही हे वरच्या प्लास्टिक कव्हरवर लिहिलेलं असतं, पण ते कव्हर हाताने ओढलं की निघतं आणि दुसऱ्या गाडीचं बसतं. त्यावर विसंबू नका, पिढी बघा: पहिल्या पिढीच्या बॉडीत व्हीव्हीटी नाही.

डी१३ए ओळखायला सोपं. प्लग-कॉइल नाहीत, इंजेक्टरकडे जाणाऱ्या स्टीलच्या जाड नळ्या दिसतात, टर्बोचे मोठे पाईप दिसतात. चावी फिरवली की मीटरमध्ये स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि टॅकोमीटरचा लाल पट्टा पेट्रोलपेक्षा बराच आधी सुरू होतो.

डिझेलबाबत जरा जास्त सावधपणा हवा. या इंजिनाचं मूळ डिझाइन फियाटचं, नाव मल्टिजेट. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनत होतं. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यातही हेच कुटुंब तयार व्हायचं. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा, शेवरोले सेल अशा अनेक गाड्यांत ते बसलं. काही गाड्यांत ते ९० पीएसचं होतं; मारुतीच्याच एसएक्स४, अर्टिगा, सियाझ आणि व्हिटारा ब्रेझामध्येही ९० पीएसचं होतं. फरक मुख्यतः टर्बोचा. ७५ पीएसमध्ये साधा, ठरावीक पात्यांचा टर्बो. ९० पीएसमध्ये पाती फिरणारा व्हीजीटी. 'स्विफ्टमध्ये ९० चं इंजिन आहे' असं कोणी अभिमानाने सांगत असेल, तर ते कारखान्यातून आलेलं नाही. भारतातल्या प्रत्येक डिझेल स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ७५ पीएसचंच होतं.

इंजिन निकामी झालं की मालक कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारातून हेडशिवायचं 'हाफ इंजिन' किंवा पूर्ण असेंब्ली आणतो. ती टाटाच्या गाडीतली असेल तर नंबर डी१३ए ने सुरू होणार नाही. सेन्सर, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इंजेक्टर यांची जुळणी पुरती झालेली नसते. मग गाडी चालते, पण धूर सोडते, मध्येच पॉवर तोडते, आणि कोणताच मेकॅनिक छातीठोकपणे दोष सांगू शकत नाही. अशी गाडी घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मारुतीचंच दुसरं इंजिन, बिलासह आणि आरसीवर नोंद करून बसवलेलं असेल, तर हरकत नाही. उलट कमी चाललेलं असेल तर फायद्याचंही ठरू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. ती नोंद आहे का, हा एकच प्रश्न विचारा.

सुरू करून ऐकणं

चावी तुम्ही स्वतः फिरवा आणि दुसऱ्या कोणाला सायलेन्सरमागे उभं करा.

के१२एम थंडीतही दोन सेकंदांत सुरू व्हायला हवं. पहिले एक-दोन सेकंद पट्ट्याच्या बाजूने बारीक खडखड आली आणि लगेच थांबली तर चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत तेल पोचायला लागलेला तो वेळ आहे. पाच-सहा सेकंदांनंतरही खडखड राहिली तर चेन ढिली झालेली आहे किंवा तेल वेळेवर बदललेलं नाही. डिझेलमध्ये हा आवाज जास्त गांभीर्याने घ्या. डी१३एची चेन बारीक आहे आणि तिचं आयुष्य पूर्णपणे तेलावर अवलंबून आहे. तेल बदलायला उशीर झाला की त्यातली काजळी चेनचे सांधे झिजवते, चेन लांबते, आणि एक दिवस दात सोडते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, रॉकर तुटतात आणि हेड खोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. 'चेन आहे, आयुष्यभर बघायला नको' हे वाक्य या इंजिनाच्या बाबतीत खोटं आहे.

जी१३बीबीमध्ये खडखडीचा प्रश्न नाही, बेल्टची तारीख विचारा. १ लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल तेव्हा बेल्ट बदललेला असावा. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट टिकतो असं नाही, रबर वयानेही तडकतं. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला आणि घेतल्याच्या आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदला. पंप काढायला तो बेल्टही उतरवावा लागतो, आज वाचवला तर सहा महिन्यांनी त्याच मजुरीचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

धुराचा रंग बघा. निळा म्हणजे तेल जळतंय: सुरू करताना एकदाच आला तर व्हॉल्व्ह सील, रेस केल्यावर सतत आला तर पिस्टनच्या रिंगा, आणि डिझेलमध्ये टर्बोचं सीलही. काळा धूर डिझेलमध्ये जोरात रेस दिल्यावर क्षणभर चालतो. सतत येत असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरलेला, एखादा होज फाटलेला किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ, तो वाफ असतो. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर राहिला तर कूलंट जळतंय.

आता इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ येणं चालतं. झाकण नाचत असेल, भसाभस धूर येत असेल, तर मेकॅनिक ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच: रिंगा आणि बोअर झिजलेत. झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखा थर दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो जमतो. डिपस्टिक काढा. तिच्यावरही तसाच फेस असेल आणि कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं आहे. डिझेलचं तेल काळं दिसणारच, बदलल्यावर लगेच काळं होतं. त्यावरून काही ठरवू नका. बोटांवर घासून खरखरीत लागतं का आणि पातळी किती खाली आहे, ते बघा.

रस्त्यावर

पेट्रोलची चाचणी चौथ्या गिअरमध्ये घ्या. ४० च्या वेगावरून हळू ॲक्सिलरेटर दाबत ८० पर्यंत जा. झटके, मिसिंग नको. जी१३बीबी खालच्या वेगात जास्त मोकळं चालतं, गाडी भरलेली असली तरी गिअर कमी बदलावे लागतात. के१२एम खाली थोडं मवाळ असतं आणि ३००० आरपीएमच्या वर खुलतं. त्यामुळे 'पिकअप कमी आहे' हा त्याचा स्वभाव आहे की दोष, हे ओळखायला शक्य असेल तर त्याच सालची दुसरी गाडीही चालवून बघा.

डिझेलला चढ दाखवा. साताऱ्याकडे खंबाटकी, नाशिककडे कसारा, नाहीतर जवळचा लांब उड्डाणपूल. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पाय दाबा. १८०० ते २००० च्या दरम्यान टर्बोची ओढ स्पष्ट जाणवायला हवी. त्याखाली इंजिन मलूल असणं हे या इंजिनाचं जन्मजात लक्षण आहे, शहरात सतत दुसऱ्या-तिसऱ्यात खेळावं लागतं, आणि म्हणूनच शहरात वापरलेल्या डिझेल स्विफ्टचा क्लच लवकर जातो. २५०० पर्यंत ओढच आली नाही तर होज, टर्बो किंवा ईजीआर बघायला हवं. चढावर चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस दिल्यावर आरपीएम वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. तो खर्च किमतीतून वजा करा.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून परत आल्यावर पाच मिनिटं एसी लावून जागेवर उभी ठेवा. तापमानाचा काटा मधून हलता कामा नये. पंखा सुरू होऊन बंद झाला पाहिजे.

स्कॅनर लावायचा असेल तर साल लक्षात ठेवा. भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. त्यामुळे २००६ च्या स्विफ्टशी मोबाईलवरचं स्वस्त ब्लूटूथ उपकरण बोललं नाही, तर ती गाडी खराब आहे असं नव्हे. नव्या गाडीत साठवलेले दोषांचे कोड बघा आणि 'कोड पुसल्यावर किती किलोमीटर चालली' हा आकडा नक्की बघा. तो पाच-दहा किलोमीटर असेल तर तुम्ही येण्याआधी कोड पुसलेत. पेट्रोलमध्ये फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत हवं. डिझेलमध्ये आयडलिंगला रेल प्रेशर (इंजेक्टरआधीच्या नळीतला डिझेलचा दाब) साधारण २५० ते ३५० बारवर स्थिर हवं. खालीवर होत असेल तर चारही इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्या. चार बाटल्या लावतात, दोन मिनिटांत कोणत्या बाटलीत जास्त जमा झालं ते दिसतं. जास्त परत सोडणारा इंजेक्टर झिजलेला. नवा घातल्यावर त्याच्यावरचा कोड सहसा ईसीयूमध्ये भरावा लागतो, ते न करणारा मेकॅनिक टाळा.

पैज लावावी इतकी शंका असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. चार सिलिंडरमधला फरक १० ते १५ टक्क्यांहून जास्त नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मग कोणतं घ्यावं

महिन्याला ५०० ते ७०० किलोमीटर आणि बहुतेक शहरात असेल तर २०११ नंतरचं के१२एम. याबद्दल आम्हाला शंका नाही. इंजिन हलकं, दुरुस्ती कोणत्याही गावात होते, तेल फिल्टरसह जेमतेम ३.१ लिटर लागतं.

डिझेलचं गणित असं मांडा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरलं, प्रत्यक्ष मायलेज अनुक्रमे १५ आणि २० धरलं, तर महिन्याला १००० किलोमीटरवर पेट्रोलला साधारण ६,९०० आणि डिझेलला ४,५०० रुपये लागतात. वर्षाला २९,००० च्या आसपास बचत. ५०० किलोमीटर चालवलं तर तीच बचत १४,५०० वर येते, आणि इंजेक्टर, टर्बो, क्लच यांपैकी एकाच कामात ती संपते. महिन्याला १,५०० किलोमीटरच्या वर आणि हायवेवर पळणारी गाडी असेल तर डी१३ए अजूनही फार चांगलं इंजिन आहे, तेलाची बिलं असतील तर.

जी१३बीबी मजबूत आणि मनापासून ओढणारं इंजिन आहे, पण आता त्या सगळ्या गाड्या १५ वर्षांपलीकडे गेल्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते, ती पाच वर्षांसाठी मिळते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. ते सगळं आधी झालेलं असेल, पत्रा गंजलेला नसेल आणि बेल्ट बदललेला असेल तरच घ्या. शिवाय २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल गृहीत धरून ही जुनी इंजिनं बनवलेली नाहीत, ना जी१३बीबी, ना जुनं के१२एम. पेट्रोलचे रबरी होज, इंजेक्टरच्या रिंगा आणि टाकीतला पंप तपासून घ्या. होज दाबल्यावर फुगीर, चिकट किंवा तडकलेला लागला तर लगेच बदला.

दिल्ली किंवा हरियाणाच्या नंबरची डिझेल गाडी स्वस्तात दिसली, तर कारण सरळ आहे: राजधानी क्षेत्रात डिझेलला १० वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती, म्हणून त्या गाड्या इकडे येऊ लागल्या. त्यात चांगल्याही असतात. मात्र मूळ आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्राचा कर किती भरावा लागेल ते आपल्या आरटीओत विचारूनच भाव करा. गाडी आधी टॅक्सी होती का, हेही जुन्या नोंदींत बघा. खासगी केलेल्या डिझायरच्या मीटरवर ८०,००० दिसले तरी पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरच्या सीटची कड खरं सांगते.

टोकन देण्याआधी शेवटचं काम: चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो काढा, आणि दोन्ही आरसीशी अक्षरागणिक पडताळा. टोकनच्या पावतीवर हे दोन्ही नंबर आणि 'इंजिन मूळ आहे' किंवा 'बदललेलं असून आरसीवर नोंद आहे' हे वाक्य लिहून विकणाऱ्याची सही घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना हीच पावती समोर ठेवा.